रांग सांभाळणारी पारिशा: बुएनोस आइरेसच्या ‘दोन हूलिओ’चं प्रकरण

पोटात भूक आहे, आरक्षण नाही, आणि समोर जगातल्या पहिल्या दहांत गणलं गेलेलं हॉटेल आहे. अशा दारात काय होतं याची आपल्याला कल्पना असते. वहीत नाव लिहून घेतात, ‘पाऊण तास लागेल’ म्हणतात, आणि मग आपण फुटपाथवर कुणाच्या तरी स्कूटरला टेकून आत जेवणाऱ्यांच्या ताटांकडे बघत राहतो. अर्जेंटिनाच्या राजधानीतल्या ‘दोन हूलिओ’च्या (हा ‘दोन’ म्हणजे आकडा नव्हे, स्पॅनिशमधला आदरार्थी ‘डॉन’) दारातही नाव लिहूनच घेतात. पण थोड्या वेळाने आतून कुणीतरी येतं आणि रांगेतल्यांच्या हातात फसफसत्या वाइनचे पेले देतं, सोबत गरम एम्पानादा, म्हणजे सारण भरलेली, करंजीच्या आकाराची वस्तू. त्याचे पैसे घेत नाहीत. तुम्ही अजून मेन्यू पाहिलेला नसतो, टेबल कधी मिळेल हेही ठरलेलं नसतं, आणि कंटाळून निघून गेलात तरी कुणी पेल्याचा हिशेब मागणार नसतं.

या प्रकरणाचा प्रश्न तेवढाच आहे. मांस भाजून विकणारं एक घरगुती हॉटेल, अजून ग्राहकही न झालेल्या माणसावर पैसे का खर्च करतं? ‘पाहुणचार’ असं म्हणून विषय मिटवता येईल, आणि हॉटेलांवर लिहिणारे बहुतेक जण तो तसाच मिटवतात. मला ते अपुरं वाटतं. त्या पेल्यामागे निखारे आहेत, गुरं आहेत, आणि सतत घसरत गेलेलं तिथलं चलन, पेसो, आहे.

कोपऱ्यावरचं दुकान

निखाऱ्यांवरच्या लोखंडी जाळीवर मांस भाजून देणाऱ्या हॉटेलाला अर्जेंटिनात पारिशा म्हणतात. जाळीचं नावही तेच. बुएनोस आइरेसच्या जवळपास प्रत्येक वस्तीत अशी एखादी असते, आणि ती बहुधा एखाद्या कुटुंबाचीच असते. ‘दोन हूलिओ’ ही त्यांच्यातलीच एक. पालेर्मो भागात ग्वातेमाला आणि गुर्रुचागा हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या कोपऱ्यावर १९९९ साली पाब्लो रिवेरोने घरच्यांना सोबत घेऊन ती सुरू केली. तेव्हा तो विशीच्या आसपास होता. घराणं रोसारिओकडचं, गुरं आणि मांस हाच घरचा व्यवसाय. जाळीवर काय ठेवायचं ते त्यामुळे घरातच कळत होतं. वाइनचं शिक्षण त्याने पुढे घेतलं आणि त्यातही नाव कमावलं.

वेळ मात्र फार वाईट होती. १९९१ पासून अर्जेंटिनाने एक पेसो म्हणजे एक डॉलर असा भाव कायद्याने बांधून ठेवला होता. १९९८ पासून मंदी सुरू झाली, आणि डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बँकेतून पैसे काढण्यावर बंधन घातलं: आठवड्याला २५० पेसो. अध्यक्ष फेर्नांदो दे ला रुआ २० डिसेंबरला राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले. महिन्याभरात डॉलरची गाठ सुटली, आणि २००२च्या मध्यापर्यंत एका डॉलरला जवळजवळ ४ पेसो मोजावे लागत होते. अडीच-तीन वर्षांच्या नव्या हॉटेलाला हे कसं दिसलं असेल? गिऱ्हाइकाचे पैसे बँकेत अडकलेले, खिशात नोटा नाहीत, आणि उद्या मांस काय भावाने मिळेल ते खाटकालाही ठाऊक नाही.

मग वारं फिरलं. चलन कोसळल्यामुळे परदेशी माणसाला अर्जेंटिना एकदम स्वस्त झाला आणि पर्यटक येऊ लागले. बैठी घरं, गॅरेजं आणि छोटे कारखाने असलेला जुना पालेर्मो याच वर्षांत कपड्यांच्या दुकानांचा, बारचा आणि हॉटेलांचा झाला. रिवेरो कुटुंबाचा कोपरा नेमका त्यात सापडला. असल्या अभ्यासांत नशिबाला एखादी ओळ देऊन पुढे जायची पद्धत आहे. इथे तसं करणं खोटेपणाचं होईल. हीच पारिशा दहा किलोमीटर दूर एखाद्या कामगार वस्तीत असती, तर मांस तेवढंच चांगलं असूनही तिच्यावर आज कुणी लिहिलं नसतं.

निखाऱ्याचं घड्याळ

रांग का लागते, हे समजायला भट्टीकडे जावं लागतं.

पारिशाच्या एका बाजूला लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा असतो. त्यात लाकूड किंवा कोळसा पेटता ठेवतात. जळून निखारा झाला की तो खाली गळतो, आणि भाजणारा, म्हणजे पारिशेरो, फावड्याने तो ओढून जाळीखाली पसरतो. कुठे जाड थर, कुठे पातळ. ज्वाळा मांसाखाली येऊच द्यायची नाही. भरताचं वांगं भडक जाळावर धरलं तर साल करपते आणि आत कच्चं राहतं, तोच न्याय इथे लागतो. अनेक जाळ्यांच्या पट्ट्या इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या आणि किंचित उतरत्या असतात. वितळलेली चरबी त्यांतून वाहत पुढच्या पन्हळीत जाते, निखाऱ्यावर पडून भडका उडवत नाही. उष्णता मोजायची ती तळहात जाळीवर धरून. हात किती आकडे मोजेपर्यंत टिकतो, त्यावरून कुठे काय ठेवायचं ते ठरतं.

मसाला म्हणजे जाडं मीठ. बस. मॅरिनेट करणं वगैरे भानगड नाही. चिमिचुर्री (ओरेगानो, पार्स्ली, लसूण, व्हिनेगर, तेल, थोडी सुकी मिरची) वाटीत वेगळी येते. आपल्या जिभेला हे पहिल्यांदा अळणी वाटण्याची शक्यता आहे. मीठ-मिरची-आलं-लसणात मुरलेलं मटण खाणाऱ्याला नुसत्या मांसाची चव लागायला दोनचार घास जावे लागतात.

आता वेळेचं गणित पाहा. पाठीचा जाड काप, म्हणजे बिफे दे चोरीसो, अर्ध्या तासाच्या आत होतो. पण पोटाच्या बाजूचा वासिओ हा मोठा तुकडा तासाहून जास्त खातो. आडव्या कापलेल्या बरगड्यांच्या पट्ट्या, आसादो दे तिरा, त्याही सावकाशच. घाई केली तर बाहेरून काळं आणि आतून चिवट. म्हणजे स्वयंपाकघराचा वेग वाढवायची सोयच नाही. एखादा वडापाववाला गर्दी बघून दुसरी कढई लावतो. इथे दुसरी जाळी लावली तरी वासिओला तेवढाच वेळ लागणार.

त्यात जेवणाऱ्यांची सवय. अर्जेंटिनात जेवण उरकल्यावर उठत नाहीत. ताटं गेली तरी टेबल तिथेच, गप्पा चालू, कुणी कॉफी मागवतं, कुणी उरलेली वाइन संपवतं. मागितल्याशिवाय बिल आणणं हा तिथे उद्धटपणा समजतात. बिल मागायचं तर हवेत लिहिल्यासारखा हात हलवायचा. रात्रीचं जेवण सुरू होतं तेच नऊ-साडेनऊला. अशा हिशेबात एका टेबलावर एका रात्री फार तर दोन पंगती उठतात.

मालकापुढे मग दोन वाटा. आतल्यांना उठवायचं, किंवा बाहेरच्यांना बसवून ठेवायचं. पहिली वाट जगभर रूढ आहे: ‘तुमचं टेबल दीड तासासाठी आहे’ असं आरक्षणातच लिहून टाकतात. पारिशाच्या बाबतीत ती आत्मघातकी ठरली असती, कारण ज्यासाठी लोक येतात ते सैल, लांबलेलं जेवणच त्यात मरतं. रिवेरोने दुसरी वाट धरली. आतल्या टेबलाला हात लावला नाही, बाहेरच्या ताटकळण्याला जेवणाचा पहिला भाग करून टाकलं.

खर्चाच्या बाजूने हे वाटतं तितकं उदार नाही. फसफसती वाइन अर्जेंटिनातच बनते, मेंदोसाकडून येते. घाऊक खरेदीत एका पेल्याची किंमत एका बिफेच्या बिलापुढे नगण्य. एम्पानादाचंही तेच. त्या बदल्यात मिळतं काय? हातात पेला असलेला माणूस सहसा रांग सोडत नाही. पोटात काहीतरी गेलेलं असल्यामुळे तो आत येऊन ‘लवकर काय होईल?’ असं विचारत नाही, वासिओची वाट पाहायला तयार असतो. हा हिशेब माझा आहे, मालकाच्या तोंडचा नाही. पण वर्षानुवर्षं चाललेला खर्च निव्वळ प्रेमापोटी चालतो यावर माझा विश्वास नाही.

फ्रिजमधले पैसे

गुरांची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेली जनावरं पाम्पाच्या, म्हणजे तिथल्या सपाट माळरानांच्या, गवतावर मोकाट वाढली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश जाती आल्या: शॉर्टहॉर्न, हेरफोर्ड, अ‍ॅबर्डीन अँगस. १८७६ साली ‘ल फ्रिगोरिफिक’ हे थंड कोठारं असलेलं फ्रेंच जहाज बुएनोस आइरेसला पोचलं, आणि हे मांस समुद्रापार ताजं विकता येईल हे दिसलं. देशाची श्रीमंती त्यावर उभी राहिली, आणि जेवणही.

(एक आडवळण. उत्तर अर्जेंटिनाच्या उष्ण प्रदेशांत, कोर्रिएन्तेस, चाको या भागांत, ब्रिटिश जाती तग धरत नाहीत. तिथे ब्रांगस आणि ब्राफोर्ड असतात, म्हणजे अँगस आणि हेरफोर्ड यांचा ब्राह्मण जातीशी संकर. ही ब्राह्मण जात अमेरिकेत घडली ती भारतीय वशिंडवाल्या गुरांपासून: कांकरेज, गीर, ओंगोल आणि कृष्णाखोरी. सांगली-कोल्हापूरच्या काळ्या रानात नांगर ओढणाऱ्या बैलांचं थोडं रक्त तिकडच्या कळपांत असं पोचलेलं आहे.)

अलीकडचा भाग जास्त महत्त्वाचा. देशात मांस स्वस्त राहावं म्हणून मार्च २००६ मध्ये सरकारने गोमांसाच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि नंतरही कोट्याची बंधनं ठेवली. भाव पडल्यावर पशुपालकांनी गाई कापायला पाठवल्या आणि कुरणांत सोयाबीन पेरलं. चार-पाच वर्षांत देशातली गुरं जवळजवळ एक कोटीने घटली, आणि जे मांस स्वस्त करायचं होतं ते २०१० मध्ये भलतंच महागलं. उरलेल्या जनावरांपैकी पुष्कळ आता शेवटचे महिने कुरणाऐवजी बंदिस्त गोठ्यात मक्यावर वाढतात. फक्त गवतावर वाढलेलं जनावर, जे एके काळी गृहीतच धरलेलं असे, ते शोधून मिळवायची चीज झालं.

‘दोन हूलिओ’ने नेमकं तिथे पाय रोवले. शहराबाहेरच्या कुरणांवर वाढलेली अँगस आणि हेरफोर्ड गुरं, आणि तपमान सांभाळणाऱ्या शीतगृहात किमान २१ दिवस मुरवलेलं (मसाल्यात नव्हे, नुसतंच ठेवून) मांस. मुरताना मांसातले घटक आपोआप सैल होतात, पाणी कमी होतं, चव दाट होते. वजनही घटतं, म्हणजे विकत घेतलेल्या किलोतून विकण्याजोगा किलो पुरता मिळत नाही. शिवाय तीन आठवडे पैसा अडकून पडतो. साध्या वस्तीतल्या पारिशाला हे परवडत नाही. तिथलं मांस कालपरवाच आलेलं असतं.

पण अर्जेंटिनाच्या महागाईत हे अडकणं उलटं कामाला येतं. २०२३ साली तिथली वार्षिक महागाई २११.४ टक्के होती. त्या डिसेंबरात सरकारी दराने ३६६च्या आसपास असलेला डॉलर एका फटक्यात ८०० पेसोंवर नेला. अशा देशात गल्ल्यातली नोट रोज झिजते, पण शीतगृहातलं मांस आणि तळघरातली वाइन आपली किंमत राखून असतात. या हॉटेलाकडे हजारो बाटल्यांचा साठा आहे, जुन्या सालांच्या दुर्मिळ बाटल्याही आहेत. वाइनप्रेम खरंच आहे, त्याबद्दल शंका नाही. पण तो साठा महागाईत पैसा सांभाळण्याचा एक मार्गही आहे, असं मला वाटतं. २०२०च्या टाळेबंदीत जेवणाचं दालन बंद पडलं, तेव्हा त्यांनी घरी नेऊन भाजायला कच्चं मांस विकलं. खाटकाच्या घराण्याला ते अवघड गेलं नसावं.

टेबलावर

आत भिंतींवर रिकाम्या बाटल्यांच्या रांगाच रांगा दिसतात, जेवून गेलेल्यांनी लेबलांवर सह्या आणि निरोप लिहिलेल्या. वाढपी वयाने मोठे, धंद्यात मुरलेले. हे काम म्हणजे कॉलेज चालू असतानाची तात्पुरती नोकरी असं तिथे नसतं. मोसो हा आयुष्यभराचा पेशा आहे. कोणता काप किती जणांना पुरेल ते तो तुम्हाला सांगेल, आणि जास्त मागवत असाल तर थांबवेलही. त्याचं ऐकावं.

आपल्याकडून होणारी नेहमीची गफलत म्हणजे माणशी एक डिश मागवणं. एकेक काप तीन-चारशे ग्रॅमचा किंवा त्याहून मोठा असतो, मधे ठेवून वाटून खायचा. सुरुवात आतल्या अवयवांनी आणि सॉसेजनी: चोरीसो (हे सॉसेज, वरचा बिफे दे चोरीसो वेगळा), रक्ताची मोर्सिशा, लिंबू पिळलेल्या कुरकुरीत मोशेहास (वासराच्या गळ्याजवळची ग्रंथी), आणि चिंचुलिनेस, म्हणजे आतडी. रक्ती आणि वजडी चवीने खाणाऱ्या मराठी घरातल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. नाकं मुरडतात ती फक्त चिकनवर वाढलेली पोरं. गोव्याच्या चोरिसाची तिखट-आंबट अपेक्षा मात्र ठेवू नये, इथला चोरीसो मिरचीच्या वाटेला जात नाही.

मग मुख्य काप, एकेक करून, निखाऱ्यावरून थेट. बिफे दे चोरीसोला कडेने चरबीची पट्टी असते. ओहो दे बिफे जास्त मऊ. एंत्रान्या हा छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचा स्नायू, पातळ, दाट चवीचा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच मागवावा, कारण तो बिघडवणं कठीण. किती भाजायचं ते आधी विचारतात. मधे गुलाबी हवं असेल तर ‘आ पुन्तो’, रसाळ लालसर हवं असेल तर ‘हुगोसो’. ‘बिएन कोसीदो’ म्हणजे पूर्ण शिजलेलं. बहुतेक भारतीय हेच मागतात, आणि पुष्कळ अर्जेंटिनी लोकही, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

घरी रविवारी भाजणी असली की जेवण सुरू होताना टाळ्या होतात: ‘उन आप्लाउसो पारा एल आसादोर’, भाजणाऱ्यासाठी टाळ्या. हॉटेलात तशी पद्धत नाही, पण ‘दोन हूलिओ’त जाळीमागचे पेपे सोतेलो हे मालकाइतकेच ओळखीचे आहेत. गीदो तास्सी हे शेफ. भाज्या, खारवलेलं मांस, सॉसेज यांची बाजू त्यांची. जेवणाचा ढाचा मात्र वस्तीतल्या पारिशाचाच ठेवलाय: मांस, सॅलड, बटाटे, वाइन, शेवटी दुल्से दे लेचे, म्हणजे साखर घालून आटवलेलं दूध, घातलेलं काहीतरी गोड. बारा छोट्या वाट्यांचा ठरीव बेत इथे नाही. या हॉटेलाने केलेल्या निवडींपैकी मला सगळ्यात धाडसी वाटते ती हीच.

गाईचं न खाणाऱ्यांचं टेबल

आता समजा, त्या रांगेत पुण्याहून आलेलं पाच जणांचं कुटुंब उभं आहे. आजी पूर्ण शाकाहारी. वडिलांना मटण-चिकन चालतं, गाईचं नाही. आई ‘बघू’ म्हणणारी. मुलगी सगळं खाणारी, धाकटा फक्त बटाटे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आवड असली तरी या मांसाची सवय असणारी मराठी माणसं थोडी. गोव्यातल्या किंवा परदेशात वाढलेल्यांची गोष्ट वेगळी.

पहिली अडचण आत जाण्याआधीच येते. पाहुणचाराची ती एम्पानादा.

“आई, यात काय आहे ते विचारू का?”

“विचार. आणि पीठ कशात मळलंय तेही विचार.”

आईने सुचवलेला दुसरा प्रश्न जास्त शहाणपणाचा. सारण मक्याचं किंवा चीजचं असलं तरी एम्पानादाच्या पारीत पारंपरिक पद्धतीने गाईची चरबी घालतात. काही पारिशांत बटाटेही त्याच चरबीत तळतात. म्हणजे मेन्यूवर निर्धोक दिसणाऱ्या दोन गोष्टींतच खोट निघू शकते. ‘सिन कार्ने’, मांसाशिवाय, एवढंच सांगून भागत नाही, कारण तिथे कार्ने म्हणजे मुख्यतः गोमांस. कोंबडी किंवा हॅम घातलेलं काहीतरी अगदी प्रामाणिकपणे तुमच्या पुढ्यात येईल. ‘सोय वेहेतारिआना’ म्हणावं, आणि चरबीबद्दल, ‘ग्रासा’बद्दल, वेगळं विचारावं.

आजीसाठी काय उरतं? प्रोवोलेता: प्रोवोलोने चीजची जाड चकती जाळीवर वितळवून, वर ओरेगानो. भाजलेल्या भाज्या. सॅलड, त्यात पाल्मीतो म्हणजे ताडवर्गीय झाडाचा कोवळा गाभा. जेवण होईल, उपाशी कुणी राहणार नाही. पण जाळी तीच, चिमटा तोच. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, असू शकतं. हे ज्यांना चालत नाही त्यांनी पारिशात जाऊच नये, असं मी स्पष्ट सांगेन. भाज्या कितीही चांगल्या असल्या तरी त्या जागेचा वास, धूर, चरबीचा चुरचुर आवाज, सगळं मांसाचंच आहे. ‘सोबत बसेन, प्रोवोलेता खाईन’ म्हणणारी आजी असेल तर प्रश्न नाही.

वडिलांचं तुलनेने सोपं. वस्तीतल्या बहुतेक पारिशांत कोंबडी असते, डुकराचा मातांब्रितो असतो, काही ठिकाणी बकरीचं पिल्लू, चिवितो, किंवा पातागोनियाकडचं कोकरू. चोरीसो डुकराचाच असेल असं मात्र धरू नये, त्यात बहुधा गोमांस मिसळलेलं असतं. आणि ज्यांना गाईचं चालतच नाही अशांनी जगप्रसिद्ध गोमांसाच्या दारात तासभर उभं राहून कोंबडी खाण्यात अर्थ नाही. मित्रांच्या गोतावळ्यात हे बोलून दाखवायची लोकांना भीड वाटते. पाचपैकी दोघंच खाणार असतील, तर त्या दोघांनी दुपारी जाऊन यावं.

नाव झाल्यावर

पुढचं सगळं वेगाने घडलं. २०२० मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या ५० उत्तम हॉटेलांच्या यादीत ‘दोन हूलिओ’ पहिलं आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशलां मार्गदर्शिकेने अर्जेंटिनात पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि त्याला एक तारा दिला, पर्यावरणाचा हिरवा ताराही दिला. २०२४ मध्ये जगाच्या यादीत दहावा क्रमांक, आणि लॅटिन अमेरिकेत पुन्हा पहिला.

रांग सांभाळण्याच्या पद्धतीची सगळ्यात अवघड परीक्षा मार्च २०२३ मध्ये झाली. विश्वचषक जिंकून तीन महिने झाले होते, संघ मैत्री सामन्यासाठी मायदेशी होता, आणि लिओनेल मेस्सी घरच्यांना घेऊन इथे जेवायला आला. बातमी पसरली. शेकडो लोक त्या कोपऱ्यावर जमले, गाणी म्हणू लागले, आणि मेस्सीला बाहेर काढायला पोलिसांची मदत लागली. त्या गर्दीला टेबल नको होतं, त्यामुळे पेले वाटून काही उपयोगही नव्हता.

विनोद सोडून दिला तर याच यशाने एक जुनी गोष्ट मोडली आहे. पारिशा ही वस्तीची जागा. कोपऱ्यावरचा शेजारी ठरवल्याशिवाय, चपला सरकवून येतो, ही तिची मूळ कल्पना. जिथे टेबलासाठी खूप आधी आरक्षण करावं लागतं आणि रांगेत अर्धे लोक इंग्रजी किंवा पोर्तुगीज बोलतात, तिथे शेजारी येत नाही. त्यात देशातलं मांस खाण्याचं प्रमाणच उतरलंय. गेल्या शतकाच्या मध्यावर माणशी वर्षाला १०० किलोच्या आसपास गोमांस खाणारा हा देश २०२४ मध्ये ५० किलोच्याही खाली आला. पेसोत पगार घेणाऱ्याला इथलं बिल म्हणजे वाढदिवसाची चैन, तीही प्रत्येक वर्षी नाही. रांगेतला मोफत पेला अजून येतो, पण तो घेणारा हात बदललाय. रिवेरोने याच ग्वातेमाला रस्त्यावर, पुढच्याच कोपऱ्यावर, १९५२ पासूनचं गुलाबी भिंतींचं ‘एल प्रेफेरीदो दे पालेर्मो’ घेऊन २०१९ मध्ये नव्याने उघडलं. जुन्या वस्तीचं जेवण जपण्याचा तो प्रयत्न दिसतो. पण थोड्याच काळात तिथेही आरक्षणाशिवाय जाणं कठीण होऊन बसलं.

यातला कोणता भाग दुसऱ्या हॉटेलाला उचलता येईल? पेला, एम्पानादा, सह्यांच्या बाटल्या हे उद्या कुणीही करेल, आणि करतातही. २१ दिवस मुरवण्याइतकं भांडवल थोड्यांकडेच असतं. आतल्या टेबलाला घाई न करण्याचा संयम त्याहून थोड्यांकडे, कारण त्याची किंमत रोज रात्री गल्ल्यात दिसते आणि फायदा दिसायला वर्षं जातात. मालक-भागीदार-गुंतवणूकदार अशी साखळी असलेल्या हॉटेलात हा निर्णय टिकला असता का, याबद्दल मी साशंक आहे. एका कुटुंबाच्या हातात गल्ला होता म्हणून तो टिकला, असं माझं मत.

जाणाऱ्यांसाठी इतकंच. इथे एक जेवण घ्यायचं तर दुपारचं घ्या, दार उघडायच्या आधी पोचा. रात्रीपेक्षा टेबलाची शक्यता बरी, आणि भारतातून गेलेल्या पोटाला रात्री दहाला अर्धा किलो मांस झेपत नाही. दुसरं जेवण रविवारी दुपारी एखाद्या साध्या वस्तीतल्या, नाव नसलेल्या पारिशात घ्या, जिथे गल्ल्यावर बहुधा मालकाच्याच घरचं कुणीतरी असतं. बिलात ‘कुबिएर्तो’ म्हणून पाव आणि काट्या-चमच्यांचे पैसे वेगळे लावलेले असतील. ती फसवणूक नाही, रीत आहे. टीप त्यात धरलेली नसते. ती साधारण १० टक्के, रोख पेसोंत, थेट मोसोच्या हातात.